पीटर्सबर्गची मनवार

सोहनबाई रशियाला गेली ती राजवाडे बघायला नव्हे. नंदुरबारच्या बाजारपेठेत भांड्यांचं दुकान एकटीने चालवणाऱ्या बाईला सोन्याच्या कारंज्यांचं कौतुक असून असून किती असणार? ती गेली पुखराजशेठसाठी. या माणसाला एकदा, फक्त एकदाच, चारचौघांत मान खाली घालून बसलेला बघायचा म्हणून ती सहा वर्षं टपून होती, आणि नंदुरबारात तो योग काही येत नव्हता.

पुखराजशेठ म्हणजे गावातल्या जैन संघाचे प्रमुख. कापसाचे व्यापारी. दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंबसुद्धा न घेणारे, आणि आपण तो घेत नाही हे रोज कुणाला ना कुणाला ऐकवणारे. सूर्यास्तानंतर जेवायचं नाही हा नियम समाजातली पुष्कळ माणसं पाळतात. सोहनबाईही पाळायची, पण गाजावाजा न करता. शेठ मात्र सायंकाळी पेढीवरून उठताना घड्याळाकडे असं बघत, की गिऱ्हाइकालाच आपण काहीतरी पाप करत असल्यासारखं वाटावं.

सहा वर्षांपूर्वी सोहनबाईच्या लेकीची, फाल्गुनीची सोयरीक त्यांच्या मुलाशी, मयंकशी ठरली होती. साखरपुडा झाला, पत्रिकेचा नमुनासुद्धा पसंत झाला. अशात फाल्गुनी सुरतेला परीक्षेला गेली. परत येताना विसरवाडीच्या चौफुलीवर बसचा क्लच गेला. दुसरी बस येईना. पोरीच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं, उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तिने रस्त्यावरच्या हॉटेलात बल्बच्या उजेडात बसून मुगाची खिचडी खाल्ली. त्यातही कांदा-लसूण घालू नका म्हणून आचाऱ्याला दोनदा सांगितलं होतं. पण शेठच्या ओळखीचा एक माणूस तिथेच चहा पीत होता. त्याने कांद्याचं काही ऐकलं नाही, फक्त बल्ब बघितला.

पुढच्या रविवारी उपाश्रयात प्रवचन संपलं, महाराजसाहेब आत गेले, आणि पुखराजशेठ सगळ्या बाया-बापड्यांसमोर उभे राहिले. या घरांतलं घरगुती बोलणं मारवाडी, पण बाजारातलं आणि रागातलं अहिराणी. शेठ अहिराणीत बोलले.

"जिले दिन बुडना हाई समजत नही, ती मन्हा घरमा नको."

बस्स, एवढंच. सोयरीक मोडली. सोहनबाईचा नवरा जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं. ती बायकांच्या बाजूला बसून चटईच्या काड्या बघत राहिली. घरी आल्यावर तिने फाल्गुनीला प्रायश्चित्त म्हणून तीन दिवसांचा निर्जळी उपास करायला लावला, कारण ते तर करावंच लागतं. पोरीने केला. तिसऱ्या दिवशी भिंत धरून चालली.

त्यानंतर स्थळं येत, चहा पिऊन जात, आणि कुणीतरी त्यांच्या कानात सांगे की ही ती विसरवाडीवाली. फाल्गुनीने तिशी ओलांडली. ती आता औषधनिर्माण कॉलेजात शिकवते, आईशी कामापुरतं बोलते. मयंकचं कधीच लग्न होऊन त्याला दोन मुलं झाली. सोहनबाई दुकानात पितळी तांब्या पुसायला घेई आणि पुसत पुसत त्या एका वाक्यावर पोचे. पुष्कळ तांबे तिने नको इतके लखलखीत करून ठेवले होते.

आणि मग शेठनी सहल काढली. तापीकाठच्या गावागावांतली बत्तीस माणसं, सोबत आपला रसोइया, जूनमध्ये सेंट पीटर्सबर्ग. सोहनबाईने सर्वांत आधी दोन नावं दिली. लोक चकित झाले. फाल्गुनी म्हणाली, "मम्मी, त्यांच्यासोबत?" सोहनबाई म्हणाली, "तुला दाखवायचंय." काय दाखवायचं ते तिलाही ठाऊक नव्हतं. पण अकरा दिवस एका पंगतीत राहिल्यावर माणूस कुठे ना कुठे घसरतोच, यावर तिचा भरवसा होता.

मुंबईहून मॉस्को, तिथून रेल्वेने ते शहर. हॉटेल घरगुती, मागे फरशीचं अंगण, आणि रसोइयासाठी वेगळं स्वयंपाकघर. रसोइया राजेंद्र सारंगखेड्याचा. घोडेबाजारात हजार माणसांचं जेवण उतरवणारा, पण पहिल्याच संध्याकाळी तो गोंधळला. घड्याळात आठ, आणि बाहेर नंदुरबारच्या दुपारी चारचं ऊन.

"शेठ, आठे ते दिन बुडसच नही," तो म्हणाला. "मी शेगडी कव्हय बंद करू?"

म्हाताऱ्या बायांनी नसता धोका पत्करला नव्हता. त्या घरच्या सवयीने साडेसहालाच जेवून मोकळ्या झाल्या होत्या, आणि बाकीच्यांनीही तेच केलं होतं. पण शेठना आपलं ज्ञान दाखवायची संधी आयती चालून आलेली. ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "घड्याळ काय सांगस? आभायमा उजेड शे, तवलगून दिन शे."

आणि सगळ्यांसमोर एकटे जेवले. दुसऱ्या दिवशी साडेआठला, तिसऱ्या दिवशी नऊला. तुम्ही भित्रे, मला शास्त्राचं मर्म कळतं, असा एकूण थाट. त्यांचीही चूक समजण्यासारखी होती म्हणा. साठ वर्षं ज्या माणसाने खानदेशातलीच संध्याकाळ बघितली, त्याच्या लेखी सूर्य आणि उजेड ही एकच वस्तू. आपल्याकडे सूर्य टेकला की अर्ध्या तासात दिवा लावावा लागतो. सूर्य गेल्यावरही उजेड मागे राहतो, आणि रात्रभर राहतो, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं. फोनमध्ये सूर्यास्ताची वेळ दाखवणारी सोय होती, पण ती नंदुरबारची वेळ दाखवत होती, आणि शेठ तिला हसत होते.

सोहनबाईलाही हे माहीत नव्हतं. तिला ते कळलं चौथ्या दिवशी, नदीकाठी. पीटर राजाचा उधळलेल्या घोड्यावरचा पुतळा बघायला सगळे उभे होते. राजेंद्र घोड्याचे मागचे पाय बारकाईने तपासत होता आणि अशा घोड्याला आपल्याकडे काय भाव आला असता ते कुणाला तरी सांगत होता. सोबतची रशियन मुलगी चांगलं हिंदी बोलायची. दलदलीत लाकडं ठोकून राजाने हे शहर कसं उभं केलं, किती मजूर त्यात मेले, पलीकडच्या किल्ल्यात त्याने पोटच्या मुलालाच कसं कोंडलं आणि तो तिथेच कसा मेला, हे ती सांगत होती. फाल्गुनी त्या किल्ल्याकडे बराच वेळ बघत राहिली. सोहनबाईचं लक्ष किल्ल्याकडे नव्हतं. तिने मुलीला बाजूला घेतलं.

"बेटी, सूरज यहाँ डूबता कब है?"

"दस बजकर चौबीस मिनट पर," मुलगी म्हणाली. "लेकिन उजाला नहीं जाता. सारी रात रहता है. लोग इसी के लिए तो आते हैं."

दहा चोवीस. तिने दुसरा प्रश्न विचारला नाही, कुणाला काही सांगितलं नाही. पुढचे सगळे दिवस ती राजवाड्यांतून चालली, पण भिंतीवरची चित्रं तिला दिसलीच नाहीत. तिला पुखराजशेठचं जेवणाचं ताट दिसत होतं. एक गोष्ट मात्र ती पक्की जाणून होती, कारण लहानपणापासून ऐकलेली होती. पाप करणारा, करवणारा आणि त्याला मान डोलावणारा, तिघांना ते सारखंच लागतं. तीन रात्री तिने त्याचा विचार केला आणि मग ठरवलं की लागू दे.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी नावेतून शहर बघायचं होतं. साडेआठला निघायचं, दहाला परत. सगळे नेहमीप्रमाणे आधी जेवून घेत होते. सोहनबाई सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शेठ, आज शेवटला दिन शे. राजेंद्र दाल-बाटी कराव शे. तुम्हना करता ते दिन शेच. नावमाईन उना का निवांत जेवा, आम्ही सगळा जोडे बठसूत."

सहा वर्षांत ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलली होती. शेठना वाटलं, बाई वाकली. ते प्रसन्न हसले.

नाव परतली तेव्हा दहा वाजून गेले होते. पुलांखालचं पाणी अजून चकाकत होतं, सूर्य कुठल्यातरी घुमटामागे होता. अंगणात सगळे गोल बसले. राजेंद्रने ताट मांडलं. तेवढ्यात सोहनबाई म्हणाली, "जेवण्याआधी शेठनी दोन शब्द बोलावेत, एवढी मोठी सहल त्यांनी पार पाडली." शेठ कधी दोनच शब्द बोलून थांबल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ते यात्रेवर बोलले, धर्मावर बोलले, परदेशातसुद्धा आचार कसा सांभाळावा यावर तर चांगली दहा मिनिटं बोलले. सोहनबाई हात जोडून ऐकत होती आणि भिंतीवरच्या घड्याळातला काटा बघत होती. ते बसले तेव्हा दहा चाळीस झाले होते. अंगणात वर्तमानपत्र वाचता आलं असतं.

ताटापाशी सोहनबाई स्वतः आली. मारवाड्यांत पाहुण्याला मनवार करतात, म्हणजे हाताने वाढून, शपथा घालून, नको नको म्हणताना खायला लावतात. तिने बाटी फोडली, तुपात बुडवली, वर डाळ घातली. शेठनी पहिला घास घेतला. एक बाटी झाली. "मन्हा हातनी आखो एक." दुसरी झाली. "फाल्गुनीना नावनी एक." हे ऐकून शेठ क्षणभर थबकले, मग उदारपणे तीही घेतली. झालं गेलं विसरल्याचा हा मोठेपणा सगळ्यांनी बघावा अशी त्यांची इच्छा होती. आणि सगळे बघतच होते.

तिसरी बाटी अर्धी संपल्यावर सोहनबाई सरळ उभी राहिली. कोपऱ्यात रशियन मुलगी निरोप घ्यायला थांबली होती.

"बेटी, आज सूरज कब डूबा? सबको बता दे."

"दस चौबीस पर," मुलगी हसून म्हणाली. काय चाललंय ते तिला बिचारीला कळलं नव्हतं.

बत्तीस माणसांनी घड्याळाकडे बघितलं. दहा पन्नास. शेठचा हात ताटाच्या वर तसाच राहिला. मग त्यांनी आभाळाकडे बघितलं, स्वच्छ पांढऱ्या आभाळाकडे. तोंडात घास होता, तो गिळताही येईना आणि थुंकताही येईना.

"तुले मालूम व्हतं?" शेवटी ते म्हणाले.

"व्हतं."

"आनि तू वाढी ऱ्हायनी?"

"हां."

"करावणारालेबी तितलंच पाप लागस, सोहनबाई."

"लागू द्या. मी लिसू. पन शेठ, आते सगळासमोर सांगा. जिले दिन बुडना हाई समजत नही ती तुम्हना घरमा नको व्हती. मंग तुम्ही सोता कोना घरमा जाशात?"

मागच्या बाजूला एक म्हातारी पदर तोंडाला लावून हसली, आणि तिचं बघून आणखी दोघी. पुखराजशेठ उठले. चूळ भरायला पाणी घ्यावं तर तेही आता चालत नव्हतं. ते रुमालाने तोंड पुसत, मान खाली घालून आत गेले. अगदी तशीच खाली, जशी ती सहा वर्षं मनात बघत होती. सोहनबाईला इतकं गोड वाटलं, की नवरा गेल्यापासून असं गोड तिला काही लागलं नव्हतं. ती वळली. हे जिच्यासाठी केलं तिचा चेहरा तिला बघायचा होता.

फाल्गुनी खांबाला टेकून उभी होती. ती हसत नव्हती, रडतही नव्हती. ती आईकडे असं बघत होती, की जणू ही बाई तिला आज पहिल्यांदा भेटली होती.

"मम्मी, इतलं बोलता येस तुले?"

सोहनबाई हसायला गेली.

"मंग त्या दिन काबर नही बोलनी?" फाल्गुनीचा आवाज चढला नव्हता. वर्गात शिकवावं तसं ती एकेक शब्द नीट बोलत होती. "बस बंद पडेल व्हती, हाई तुले मालूम व्हतं. मी सकायपासून उपाशी, हाई मालूम व्हतं. शेठ एकच वाक्य बोलना. तीन दिन माले उपाशी कोनी ठेवं?"

सोहनबाईने तोंड उघडलं. नवरा नुकताच गेला होता, संघाशी वाकडं घेऊन दुकान चाललं नसतं, बायकांनी तिथे बोलायची रीत नव्हती. सगळी उत्तरं खरी होती आणि सहा वर्षं तिने ती स्वतःला दिलेली होती. पण लेकीला द्यायला तिला त्यांतलं एकही पुरेसं वाटेना.

फाल्गुनी बॅग भरायला वर निघून गेली. राजेंद्रने अर्धी बाटी राहिलेलं ताट उचललं, आणि ते कुठे ठेवायचं हे विचारायला सोहनबाईपाशी येऊन उभा राहिला.