दोन बोटांची फट

"गुडघ्यापर्यंत बूट! चिखलात उतरायचंय की विंचवांत?" सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. आम्ही दोघी खांद्याला खांदा लावून वाकलो होतो, त्यामुळे हे बोल मला आणि फार तर खालच्या शिंपल्यांना ऐकू गेले असतील. "आत्ता अडकतील बघ. मग मॅडम एकीकडे, बूट एकीकडे, आणि ओढायला आपण."

बूट अडकलेच. मॅडम बगळ्यासारख्या एका पायावर उभ्या राहिल्या आणि माझ्या धाकट्या नणंदेनं हसत हसत जाऊन त्यांना उपसून काढलं. तिला घरात सगळे धाकटीच म्हणतात. चाळिशी जवळ आली तरी धाकटीच.

या मॅडम समुद्राच्या प्रवाहांचा अभ्यास करतात. आमच्या यांचं बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान आहे, त्यावर एक खोली आहे, ती त्यांनी भाड्यानं घेतली होती. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "प्रवाह बघायचे तर बोटीतून जायला हवं ना? चिखलात काय मिळणार?"

"बोटीतून आजचं पाणी कळतं," त्या म्हणाल्या. "मला पूर्वीचं पाणी हवंय."

हे वाक्य डोक्यात घेऊन मी घरी आले आणि भाजीत दोनदा मीठ घातलं.

आमच्या किनाऱ्यावर प्रत्येक घराचा चिखलाचा एक पट्टा असतो आणि तो घरातल्या बायकांचा. पुरुषांनी बोटी बघाव्यात, पट्ट्याबद्दल तोंड उघडू नये. शिंपले काढायचे ते दाताळ्यानं. घरातल्या थोरल्या बाईची दोन बोटं मावतील एवढी फट सोडून त्याचे दात बसवायचे. मोठा शिंपला दातांत अडकून वर येतो, पिल्लू फटीतून खाली आपल्या घरी जातं. दाताळ्याखालच्या चिखलात हात घालायचा नाही, वाकून बघायचंही नाही. पिल्लांवर नजर ठेवणं म्हणजे हावरटपणा. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला आधी हे शिकवलं, मग स्वयंपाकघर दाखवलं.

या नियमाचा आम्हाला भारी अभिमान. शेजारचे किनारे ओरबाडले गेले, आमचा राहिला. आणि त्याचं फळ टोपलीत दिसायचं. दरवर्षी आमचे शिंपले आणखी मोठे. टोपलीत टाकले की खणखणायचे. माल न्यायला येणारा माणूस म्हणायचा, "काय खायला घालता हो यांना?" आणि सासूबाई तोंड वळवून हसायच्या.

धाकटी शहरात विम्याच्या कचेरीत होती. दिवसभर लोकांच्या चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघायचे आणि चूक कुणाची ते ठरवायचं. या वेळी मोठी रजा घेऊन आली होती. सासूबाईंचे गुडघे आता वाकताना कुरकुरतात, माझ्या कंबरेचंही काही खरं नाही. नोकरी सोडून यायचं आणि पट्टा आपल्या हातात घ्यायचा, असं तिच्या मनात होतं. रजा संपायच्या आत कचेरीला काय ते कळवायचं होतं. सकाळी चिखलात उतरताना तिच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते तिच्या लग्नातही आलं नव्हतं. ते लग्न टिकलं नाही, तो विषय वेगळा.

मॅडमना हवी होती ती आजी. पट्ट्याच्या अगदी टोकाला, अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीतच उघडी पडते अशी एक जागा आहे. तिथे याच जातीचे, पण तळहाताएवढे जुने काळे शिंपले असतात, त्यांना आम्ही आज्या म्हणतो. त्या कुणी खात नाही. पायातली चप्पल आधी शिजेल.

"जिवंत हवी," मॅडम ओशाळून म्हणाल्या. "म्हणजे तिची शेवटची रेघ यंदाची, हे पक्कं. तिथून मागे मोजत जायचं. एकच पुरे."

सासूबाई बराच वेळ आज्यांमधून फिरल्या. एकीवर हात ठेवला, उचलला. दुसरीवर ठेवला. शेवटी एक काढून दिली. "हिला ने. तोंड तिरपं आहे. हिचं फारसं कुणाशी पटत नसणार."

दोन दिवसांनी मॅडमनी आम्हाला वर बोलावलं. खोलीत टेबलावर एक बारीक करवत, पॉलिशचे कागद, पाण्याची बादली, आणि दुर्बिणीसारखं एक यंत्र, पण खाली बघायचं. खालून दुकानातल्या डिझेलचा वास येत होता. आजीच्या शिंपल्याचा मधोमध चिरलेला तुकडा काचेवर चिकटवला होता.

मी डोळा लावला.

कपाटात चादरींच्या घड्या एकावर एक रचल्या की त्यांच्या कडा दिसतात, तशा रेघा. फिकट, गडद, पुन्हा फिकट. "एक रेघ म्हणजे एक वर्ष," मॅडम म्हणाल्या आणि काच हळूहळू सरकवू लागल्या. "इथे तुमचं लग्न झालं असेल." काच सरकली. "इथे आईंचा जन्म." सरकली. "हे तुमचं घर कधी बांधलं?" कुणालाच नक्की माहीत नव्हतं, पण ते घरही मागे पडलं. सासऱ्यांचे आजोबा मागे पडले. ज्यांची नावं आम्हाला ठाऊक होती ती सगळी माणसं संपली आणि रेघा चालूच. दोनशेच्या पलीकडे गेल्यावर मॅडमही कुजबुजत बोलू लागल्या, कुणी झोपलेलं असावं तसं.

"आणि हे बघा. जुन्या रेघा बारीक आहेत, दाटीवाटीनं बसलेल्या. तेव्हा थंड प्रवाह या किनाऱ्याला घासून जायचा. पार दुसऱ्या टोकाच्या बर्फाकडून यायचा. शिंपल्यात त्या पाण्याची खूण उरते. आता इथून पुढे बघा. रेघा रुंद होत गेल्या. थंड पाणी इथवर येईनासं झालं. प्रवाह लांबूनच वळायला लागला."

मी यंत्रावरून डोळा काढला तरी रेघा दिसत होत्या. ही बाई जन्मभर हातभरसुद्धा जागची हलली नाही. तिला डोळे नाहीत. अंधारात, चिखलात तोंड मिटून बसली, आणि समुद्राच्या पलीकडे काय बदललं ते वर्षाच्या वर्षाला अंगावर काढून ठेवत गेली. मी सकाळी काय ठरवलं ते दुपारी विसरते.

सासूबाई आधी बघायलाच तयार नव्हत्या. मग बसल्या, आणि उठेचनात.

"एवढी जगली," शेवटी त्या म्हणाल्या, "आणि आपण हिला मारलं."

मॅडमनी मान खाली घातली.

"आता मान घालून काय उपयोग? सांग पुढे. मेलीच आहे, तर तिचं ऐकून तरी घेऊ."

धाकटी पुन्हा एकदा बघून आली. तिचे डोळे भरलेले होते. "वहिनी, मी तिकडे लोकांच्या गाड्यांचे पत्रे मोजत बसलेय, आणि आपल्या पायाखाली हे! मी उद्या राजीनामा पाठवते."

चहाचे कप घेऊन वर आलेले आमचे हे दारातच थांबले. "घाई काय आहे?" ते म्हणाले. पट्ट्याबद्दल तोंड न उघडण्याच्या नियमात एवढं बसत होतं.

"घाई कसली, दादा? किती वर्षं विचार करतेय!"

सासूबाईंनी कोरडे हात पदराला पुसले.

मॅडमचं लक्ष यंत्रात होतं. "मला आता पिल्लं लागतील," त्या म्हणाल्या. "गेल्या काही वर्षांत जन्मलेली. आजचं पाणी त्यांच्यात सगळ्यात स्पष्ट दिसतं. मूठभर मिळाली तरी चालेल."

"पिल्लं खोल असतात," हे म्हणाले. हे जन्मात पट्ट्यावर उतरलेले नाहीत.

"या दिवसांत दिसत नाहीत," मी म्हणाले.

"आम्ही बघत नाही," सासूबाई म्हणाल्या. "आमच्यात बघायची पद्धत नाही."

तिघांनी तीन कारणं दिली आणि एकमेकांकडे पाहिलं नाही.

खरं सांगायचं तर पिल्लं बघावी लागत नाहीत, ती पायाला कळतात. नवी नवरी होते तेव्हा पट्ट्यावर अनवाणी चालले की तळव्याला कच्च्या डाळीसारखं टोचायचं. मी चवड्यांवर चालायचे आणि सासूबाई चिडवायच्या, "नाचत का चाललीस?" मग केव्हातरी टोचेनासं झालं. एखादी गोष्ट सुरू झालेली लक्षात येते, थांबलेली येत नाही. मला वाटलं, चला, तळवे निबर झाले, आता आपण इथल्या झालो.

पुढच्या मोठ्या ओहोटीला आम्ही चौघी उतरलो. मॅडमनी या वेळी बूट किनाऱ्यावरच ठेवले होते, त्यामुळे सासूबाई थोड्या मवाळ होत्या. पाणी इतकं मागे गेलं होतं की समुद्र आहे हे फक्त आवाजावरून कळावं. जिथे एरवी दोन पुरुष पाणी असतं तिथे आम्ही उभ्या होतो. ओला चिखल आरशासारखा पसरलेला आणि त्यात आभाळ पालथं पडलेलं. इतक्या वर्षांनी अजूनही मला तिथे मोठ्यानं बोलवत नाही.

मॅडमजवळ पीठ चाळावं इतकी बारीक चाळणी होती. दाताळ्याखालचा चिखल काढायचा, पाण्यात चाळायचा. सासूबाईंनी त्या चिखलात हात घालायला नकार दिला. त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. धाकटी गुडघ्यांवर बसली आणि तिनं ओंजळ भरली.

पहिल्या चाळणीत वाळू, दोन किडे, फुटक्या शिंपांचा चुरा. दुसरीत तेच. तिसरीत एक खेकडा, तोही आमच्यावर रागावलेला.

"पिल्लं येतात कुठून?" मी मॅडमना विचारलं. काहीतरी बोलायला हवं होतं.

"आज्या दरवर्षी पाण्यात सोडतात. लाखांनी. वाळूच्या कणाहून लहान. काही आठवडे ती नुसती तरंगतात, प्रवाह नेईल तिकडे जातात. मग जरा जड झाली की तळाला बसतात, आणि बसतील तिथे जन्म काढतात."

"म्हणजे आमच्या पट्ट्यातली पिल्लं आमच्या आज्यांची नव्हेत?" सासूबाईंनी विचारलं.

"बहुतेक नसावीत. वरच्या अंगाला कुठला तरी किनारा असेल, तिथून येत असतील. आणि तुमची आणखी पुढे कुठे तरी जात असतील."

सासूबाई पाण्याकडे बघत राहिल्या. मीही. इतकी वर्षं आम्ही दोन बोटांची फट ठेवून कुणाची पोरं सांभाळली, ते आम्हाला माहीत नव्हतं. आणि आमची पोरं कुठल्याशा न पाहिलेल्या किनाऱ्यावर, न पाहिलेल्या बायकांच्या तळव्यांना टोचत होती. मला एकदम समुद्राच्या त्या टोकापर्यंत नातेवाईक पसरल्यासारखे वाटले.

मग मला आठवलं. पिल्लं आणणारा हा प्रवाह आता लांबूनच वळतोय, हे मॅडमनीच आम्हाला सांगितलं होतं. त्यांनी रिकाम्या चाळणीकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "एका पट्ट्यावरून काही ठरवता येत नाही."

"तेच तर!" धाकटी म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. "इथे पाणी जास्त वेळ थांबतं, म्हणून नसतील. जरा पलीकडे बघू. वहिनी, धर ना चाळणी."

मी धरली. पलीकडे काही नव्हतं. त्याच्या पलीकडे गेलो. सूर्य वर चढला, लांबवर भरतीची पांढरी कड दिसायला लागली. धाकटी ओंजळी भरत होती, मी चाळत होते, आणि प्रत्येक वेळी ती माझ्या तोंडाकडे बघायची. मी वाळूकडे बघायचे.

"राहू दे गं," सासूबाई म्हणाल्या.

"थांब आई, या कडेला फक्त."

सासूबाई कुरकुरते गुडघे टेकून तिच्यासमोर चिखलात बसल्या. तिचे दोन्ही हात त्यांनी धरले.

"कडेला नाहीत. मधेही नाहीत. किती वर्षं झाली, माझ्या पायाला एक पिल्लू लागलं नाही. हिच्याही नाही, विचार हिला. मोठे मोठे म्हणून आपण जे मिरवले ना, ते मोठे नाहीत पोरी, म्हातारे आहेत. यांच्यामागं कुणी नाही. तुझी नोकरी सोडू नकोस. तुला द्यायला माझ्याकडे पट्टा उरलेला नाही."