भिंतीवरचं धुकं

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो, पण एका जागी बसून राहणं माझ्या नशिबी नव्हतं. मला दोन मोठी चाकं आहेत, दोन लहान आहेत, आणि ढकलणाऱ्याला धरायला पाठीमागे दोन मुठी आहेत. पाठ आहे, हात आहेत, पाय टेकायला पाट्याही आहेत. तोंड मात्र मला स्वतःचं नाही. माझ्यात जो बसतो त्याचं तोंड तेच माझं तोंड, आणि त्याला दिसतं तेवढंच माझं जग.

सायकली बनायच्या अशा एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे चाकांच्या तारा ताणणाऱ्या एक बाई होत्या. त्या एकेक तार बोटाने छेडायच्या, कान देऊन ऐकायच्या, आणि सूर मनासारखा लागला की पुढच्या तारेकडे वळायच्या. म्हणून माझी चाकं चालताना बारीक गुणगुणतात, निदान मला तरी तसं वाटतं. शेजारच्या सायकली मला हसायच्या. "तुझी पायडलं कुठे राहिली गं?" म्हणायच्या. मी ऐकून घेतलं. खुर्चीच्या जातीला ऐकून घ्यायची सवयच असते.

पुढे मी म्हाताऱ्या माणसांच्या एका निवासात आले. लांबलचक व्हरांडा, एका बाजूला उंच खिडक्या, दुसऱ्या बाजूला पांढरी भिंत, आणि टोकाला अंगणात उतरायला एक उतार. नवी होते तेव्हा माझा काय थाट! पाहुणे आले की निवास सांभाळणाऱ्या मोठ्या बाई मलाच पुढे करायच्या. पण कौतुक चार दिवसांचं. एकदा कुणीतरी घाईत मला दाराच्या चौकटीवर आपटलं आणि माझा डावा ब्रेक दुखावला. तेव्हापासून तो लावला की सुटता सुटत नाही. जरा उचलून ओढला की मुकाट्याने येतो, पण एवढं लक्षात ठेवायला वेळ कुणाला आहे?

मग माझ्या वाट्याला नावाडी आजोबा आले. त्यांनी जन्मभर एका रुंद नदीवर माणसं इकडची तिकडे नेली होती. आता पाय गेले होते, आणि मनही अधूनमधून काठ सोडून जायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी खिशातून दोरीचा तुकडा काढला आणि माझ्या उजव्या हाताला एक घट्ट गाठ मारली. "हा नांगर," म्हणाले. "आता ही कुठे वाहून जायची नाही." त्यांना मी नाव वाटायचे. व्हरांडा ही नदी. कुणी ढकलत नेलं की ते हात वर करून सांगायचे, "डावीकडून घे रे, इथे गाळ आहे." खरं सांगू? ऐकून ऐकून मलाही तसंच वाटायला लागलं. दुपारी खिडक्यांतून ऊन आत यायचं, फरशी चमकायची, आणि मी तिच्यावरून अशी अलगद सरकायचे की चाकांखाली पाणीच आहे. त्या दुपारी मला फार आवडायच्या.

अशाच एका दुपारी ती मुलगी आली. पाठीवर पुस्तकांचं ओझं, नाकावर घसरणारा चष्मा, आणि चेहऱ्यावर घाई.

"माझ्याकडे सगळं आहे," ती मोठ्या बाईंना म्हणाली. "विज्ञानाचे तिन्ही विषय आहेत, मार्क आहेत, वयही बसतं. प्रवेश परीक्षाही पास झालेय. पण गेल्या वर्षी मेडिकल कॉलेजवाल्यांनी मला घेतलं नाही. आजारी माणसांची, म्हाताऱ्या माणसांची सेवा केल्याचा अनुभव लागतो म्हणे. तो नव्हता."

"म्हणजे तो घ्यायला आलीस."

"हो."

"आणि आम्ही कशाला आहोत? तुला अनुभव द्यायला?"

मुलगी गोंधळली. मोठ्या बाई हसल्या आणि तिला माझ्या मुठी धरायला लावल्या.

ती मनाने वाईट नव्हती, मित्रांनो. पण तिचा जीव टांगणीला लागला होता. घरी ठरलं होतं की यंदा मेडिकलला नंबर लागला तर लागला, नाहीतर डॉक्टरकीचा नाद सोडून दुसरं काहीतरी शिकायचं. आई बेकरीत कामाला होती आणि बाबा लोकांना मोटार चालवायला शिकवायचे. आई-बाबांनी एक वर्ष दिलं होतं, दुसरं मागायला तिची जीभ रेटली नसती. म्हणून ती सेवाही पाठांतर केल्यासारखी करायची. आजोबांना पाणी दिलं, झालं. गोळ्या दिल्या, झालं. एकदा तर तिने मला उतारावरून तोंड पुढे करून सरळ खाली सोडलं. आजोबा पुढे कलले, माझ्या हातांना गच्च धरून कसेबसे बसून राहिले. मोठ्या बाई धावत आल्या. "अगं, उतारावर खुर्ची उलटी न्यायची, माणसाची पाठ खालच्या बाजूला! पेपरात उताराची गणितं सोडवतेस ना?" मुलगी लाल झाली. पेपरात तिला त्या गणितांना पैकीच्या पैकी मिळाले होते, पण पेपरातल्या उतारावर कुणी बसलेलं नसतं.

संध्याकाळी बाबा न्यायला यायचे. तिचा उतरलेला चेहरा बघून त्या दिवशी ते म्हणाले, "शिकाऊ माणसाचं सगळं लक्ष स्वतःच्या हातांवर असतं. होईल हळूहळू."

"बाबा, माझ्याकडे हळूहळू नाहीये," ती म्हणाली.

व्हरांड्याच्या टोकाला एका खिडकीचा कट्टा रुंद होता. त्यावर मांडी घालून वाचायला छान जमायचं. आजोबांना फिरवून आणलं की ती तिथे चढून बसायची आणि प्रवेशाच्या मुलाखतीचे प्रश्न पाठ करायची. मध्येच कुणी आलं-गेलं तर अडथळा नको म्हणून मला ती बाजूला सारायची, भिंतीला तोंड करून. दोन्ही ब्रेक घट्ट. मग तासन्‌तास आमच्यापुढे पांढरी भिंत, आणि पाठीमागे पानं उलटल्याचा आवाज.

आजोबांनी तक्रार केली नाही. ते भिंतीकडे बराच वेळ बघत राहायचे आणि म्हणायचे, "आज धुकं आहे."

"हो आजोबा," ती पुस्तकातून मान वर न करता म्हणायची.

"पलीकडचा काठ दिसत नाही."

"हो ना."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "अजून सुटलं नाही धुकं. असल्या धुक्यात नाव सोडायची नसते. थांबायचं." आणि ते थांबायचे. मीही थांबायचे. माझ्या पाठीवर ऊन पडायचं, पण त्यांच्या तोंडावर नाही. मला आवाज असता तर मी ओरडले असते. पण मी पडले खुर्ची. नुसती कुरकुरले, तर ती म्हणाली, "हिला तेल द्यायला हवं."

एके दिवशी तिची पेन्सिल घरंगळली आणि माझ्या पायपाट्यांखाली गेली. ती कट्ट्यावरून उतरली आणि मी व भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत गुडघ्यांवर शिरली. पेन्सिल हाताला लागली. मग तिने मान वर केली. इतक्या दिवसांत तिने आजोबांचा चेहरा समोरून असा पाहिलाच नव्हता. तिला त्यांची टाळू ठाऊक होती, मान ठाऊक होती, शर्टाची कॉलर ठाऊक होती. त्यांचे डोळे बारीक झाले होते, दूरचं बघताना होतात तसे.

"आजोबा, काय बघताय?"

"धुकं," आजोबा म्हणाले. "बरेच दिवस झाले बघ, खलाशी. आता सुटायला हवं होतं."

तिने मागे वळून पाहिलं. भिंत. नुसती पांढरी भिंत. ती तिथेच बसून राहिली. पेन्सिल हातात तशीच. मग तिचा चष्मा ओला झाला आणि तिने तो पुसलाही नाही. उठून तिने माझे ब्रेक काढले. डावा अडकला, तशी ती खाली वाकली, तो जरा उचलून ओढला, आणि मला वळवलं. पुढ्यात खिडकी आली. खिडकीत अंगण आलं, अंगणात झाड, वाळत घातलेल्या चादरी, आणि त्यांच्यामागे भलं मोठं आकाश.

"सुटलं," आजोबा म्हणाले. त्यांचं सगळं अंग सैल पडल्याचं मला माझ्या पाठीला कळलं. "चल, सोड नाव."

त्यानंतर पुस्तक खिडकीच्या कट्ट्यावर पडून राहायला लागलं आणि ती जमिनीवर, आजोबांच्या समोर बसायला लागली. गाळ कुठे, भोवरा कुठे, कुठल्या वाऱ्याला शीड गुंडाळायचं, सगळं विचारायची. कधीकधी दोघंही बोलायची नाहीत. चादरी हलायच्या, ऊन सरकायचं, आणि आम्ही तिघं कुठेतरी मध्यावर तरंगत असायचो.

मुलाखतींचा दिवस आला. आमच्या निवासापासून जवळच ते मेडिकल कॉलेज होतं, आणि तिथले लोक त्या दिवसापुरती आमच्याकडून एक खुर्ची मागून न्यायचे. त्या वर्षी माझा नंबर लागला. एका खोलीत मला ठेवलं. माझ्यात एक नट बसला, कारण तिथे खराखुरा रोगी बसवत नाहीत, रोग्याचं सोंग घेणारा बसवतात. मुलांनी एकेकाने आत यायचं आणि त्याला सांगायचं, की तुमचं ऑपरेशन आज होणार नाही, पुढे गेलं आहे. कसं सांगतात ते दोन परीक्षक बघणार. घंटा वाजली की बाहेर.

सकाळी पहिल्या मुलाने टेबलाजवळ जागा करायला मला सरकवलं आणि भिंतीकडे तोंड करून सोडलं. पुढे कुणी हात लावला नाही. मुलं हुशार होती. ऑपरेशन का पुढे गेलं, कधी होईल, काळजी का करू नये, सगळं अस्खलित सांगायची. बोलणं नटाशी, डोळे परीक्षकांकडे. नट बिचारा भिंतीला मान डोलवत होता.

दुपारी दार उघडलं आणि ती पावलं मी ओळखली. तिने आधी माझ्या हातावरची दोरीची गाठ पाहिली आणि क्षणभर थबकली. मग ती पुढे आली, अगदी माझ्यासमोर, आणि वाकली. तिने मागे वळून भिंत पाहिली.

"काय दिसतं हो इथून?" तिने विचारलं.

नटाला हे पाठ नव्हतं. "भिंत," तो म्हणाला.

"थांबा. आधी तुम्हाला इथून बाहेर काढते." तिने डावा ब्रेक उचलून ओढला आणि मला खिडकीकडे वळवलं. खाली एक माळी पाइपने झाडांना पाणी घालत होता. तो पाइप त्याच्याच पायात गुंतला होता आणि तो स्वतःभोवती फिरत होता. नट हसला. तीही हसली. मग ती खाली बसली आणि म्हणाली, "तुमचं ऑपरेशन आज होणार नाहीये. मनाची तयारी करून आला असाल ना?"

"हो," नट म्हणाला, आणि का कोण जाणे, त्याचा आवाज बदलला. "रात्रभर झोपलो नव्हतो."

ती ऐकत राहिली. तेवढ्यात घंटा वाजली. ऑपरेशन का पुढे गेलं ते सांगायचं राहिलं, कधी होईल तेही राहिलं. ती उठली. तिच्या लक्षात आलं होतं. "माझं अर्धं राहिलं," ती परीक्षकांना म्हणाली. दारापर्यंत ती नीट चालत गेली. बाहेर गेल्यावर मात्र तिची पावलं धावली.

"हिने मुद्द्याचं काही सांगितलंच नाही," एक परीक्षक म्हणाला.

दुसऱ्या परीक्षक बाई नटाकडे वळल्या. "तुम्हाला काय वाटलं?"

नट अजून खिडकीतून माळ्याकडे बघत होता. "सकाळपासून सगळ्यांनी मला सगळं सांगितलं," तो म्हणाला. "पण मी भिंतीकडे तोंड करून बसलोय, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. तुमच्याही नाही."

परीक्षक बाईंनी पुढ्यातल्या कागदावर काहीतरी लिहिलं.

मी निवासात परतले. मधले दिवस फार लांब गेले. ती यायची, हसायची, पण हात थंड असायचे. मग एका दुपारी ती व्हरांड्यातून पळत आली आणि आजोबांच्या समोर धपकन बसली.

"आजोबा, मला घेतलं!"

"कुठे?"

"पलीकडे."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. त्या दिवशी त्यांचं मन काठावरच होतं, सगळं कळत होतं. "मग आता मला कोण वल्हवणार?"

"मीच. सुट्टीत येईन ना."

"जाणारे सगळे असंच म्हणतात," आजोबा म्हणाले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

ती मात्र आली. प्रत्येक सुट्टीत आली. शेवटच्या सुट्टीत ती आली तेव्हा मी रिकामी होते. तिने माझ्या हातावरच्या गाठीवरून बोट फिरवलं आणि खिडकीकडे तोंड करून मला तिथेच राहू दिलं. मला रडता येत नाही, पण त्या रात्री माझ्या तारा ढिल्या पडल्या होत्या.

पुढे चकचकीत नव्या खुर्च्या आल्या आणि मला अडगळीच्या खोलीत टाकलं. झाडू, बादल्या, मोडके दिवे, आणि माझ्यापुढे भिंत. आता धुकं बघायची पाळी माझी होती. आजोबांचं ऐकलं होतं म्हणून थांबले. असल्या धुक्यात नाव सोडायची नसते.

किती दिवस गेले कुणास ठाऊक. मग दार उघडलं, आणि झाडू-बादल्या बाजूला सारत कुणीतरी पुढे आलं, माझ्यासमोर वाकलं. केसांत थोडं पांढरं होतं, चष्मा तसाच घसरलेला. "तू इथे होय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आता मी त्यांच्या दवाखान्यात असते. डॉक्टर व्हायचं म्हणून अनुभव घ्यायला मुलं त्यांच्याकडे येतात. सगळं घेऊन येतात, विषय, मार्क, वय. बाई ते सगळं बाजूला ठेवायला लावतात. आधी प्रत्येकाला माझ्यात बसवतात, भिंतीकडे तोंड करतात, आणि पुस्तक घेऊन मागे बसतात. मुलं चुळबुळतात. कुणी घसा खाकरतं. मग केव्हातरी बाई उठून समोर येतात आणि विचारतात, "काय दिसलं?" त्या उत्तरानंतर त्या मुलांना शिकवायला सुरुवात करतात.

मित्रांनो, तुम्ही डॉक्टर व्हा किंवा होऊ नका. पण कुठे एखादी खुर्ची भिंतीकडे तोंड करून उभी दिसली, आणि तिच्यात कुणी गप्प बसलेलं असलं, तर पाठीमागून बोलू नका. पुढे या, वाका, आणि ते माणूस बघतंय तिकडे एकदा बघा. मग वळवा आम्हाला. फक्त आधी ब्रेक काढा. डावा जरा उचलून ओढावा लागतो.