वीतभर बर्फ

अनघाने परात बर्फात खुपसली, भरून घेतली आणि गल्लीच्या कडेला नेऊन ओतली. क्योतोत एवढा बर्फ कधी पडत नाही, त्यामुळे फावडं गल्लीत कोणाकडेच नव्हतं. काल दुपारी सुरू झालेलं वादळ पहाटे जरा थांबलं होतं. बस बंद, शाळा बंद, गाड्या रुळांवरच अडकलेल्या, कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, त्या चोवीस तास उघड्या दुकानात, ब्रेडसुद्धा उरला नव्हता. तिच्या नवऱ्याला, सारंगला विद्यापीठात जायचं नव्हतं, म्हणून तो पांघरुणात गुरफटून पडला होता.

आपलं दार मोकळं करायला तिला पाऊण तास लागला. मग कंबर सरळ करून ती शेजारच्या कुबो-सानच्या दाराकडे वळली.

गल्लीचा रिवाज असा, की रोज सकाळी आपल्या दारापुढचं झाडायचं आणि शेजाऱ्याच्या हद्दीतलं वीतभर. वीतभरही झाडलं नाही तर माणूस तुसडा ठरतो. आणि सगळंच झाडून टाकलं, तर त्याचा अर्थ, तुमच्याच्यानं होत नाही वाटतं. हे कोणी कोणाला सांगत नाही.

अनघालाही कोणी सांगितलं नव्हतं. पंच्याहत्तरीच्या कुबो-सान वर्षभर तिचं दार या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडत होत्या, आणि ही वेडी त्यात माया बघत होती. दिवाळीत तिने त्यांना अकरा बेसनाचे लाडू दिले, आणि वर चारचौघींसमोर वाकून म्हणाली, तुम्ही मला आईसारख्या आहात. बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. तिला वाटलं, आपलं जपानी चुकलं. लाडवांच्या तोलाची मिठाई मात्र तिसऱ्या दिवशी परत आली. घेतलेली भेट तीन दिवसांच्या वर अंगावर ठेवायची नाही, हा कुबो-सानचा नेम होता.

वीस वर्षं कोबेत राहिलेल्या तिच्या मैत्रिणीने, नीलिमाने महिन्यापूर्वी फोनवर त्या झाडण्याचा अर्थ उलगडून सांगितला, तेव्हापासून अनघा धुमसत होती. कोणी आपल्याला आळशी समजावं, हे तिने सोडूनही दिलं असतं. पण आई हा शब्द तिने त्या बाईच्या पायाशी नेऊन ठेवला होता. आता तिला एवढंच हवं होतं, की कुबो-सानची मान एकदा गल्लीदेखत खाली जावी. त्यासाठी तिने कितीदा पहाटे उठून पाहिलं, पण म्हातारी आधीच झाडू घेऊन हजर. बर्फापुढे मात्र त्या झाडूचं काही चाललं नव्हतं.

परातीमागून परात भरत तिने कुबो-सानचं दार पार पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत साफ केलं. समोरच्या तिघी बाहेर येऊन बघत राहिल्या. मग कुबो-सानचं सरकतं दार उघडलं. त्यांनी खालचा स्वच्छ दगड पाहिला, समोरच्या तिघींना पाहिलं, आणि त्या कमरेत वाकल्या.

"फार तसदी दिली तुम्हाला. माझ्याच्यानं होत नाही आता."

"त्यात काय एवढं. शेजारीच तर आहोत," अनघा म्हणाली.

त्या दिवशी तिला दुपारचं जेवण गोड लागलं. संध्याकाळी बर्फ पुन्हा सुरू झाला आणि रात्रभर पडला.

सकाळी सहाला परात घेऊन तिने दार उघडलं, आणि ती उंबऱ्यातच थांबली. तिचं दार लख्ख होतं. पायरीसुद्धा फडक्याने पुसलेली होती. शेजारी कुबो-सानच्या दारात मात्र गुडघाभर बर्फ तसाच होता आणि त्यातून लहानशा पावलांची एक ओळ हिच्या दारापर्यंत येऊन परत गेलेली. हिच्या पायरीशी केराची जुनी सुपली टेकवून ठेवली होती. समोरच्या तिघींनी एकदा ते दार पाहिलं, एकदा हे, मग पस्तिशीच्या धडधाकट अनघाला पाहिलं आणि अगदी अदबीने माना लववल्या.

सारंग जांभई देत मागे येऊन उभा राहिला.

"सगळं साफ केलं त्यांनी? या वयात? किती चांगली बाई आहे गं. लाडू दे त्यांना."

अनघाने शेजारच्या खिडकीकडे पाहिलं. पडदा हलला.

ती आत गेली. परात धुऊन तिने कोरडी केली आणि डब्यातलं सगळं बेसन कढईत घातलं. दिवाळीत अकरा होते, या वेळी एक्कावन्न करायचे. तूप तिने हात न आखडता ओतलं. टीव्हीवर बातम्या चालू होत्या, शहरातली दुकानं आणखी चार दिवस तरी उघडणार नव्हती.