खिंडीतली डहाळी

चोर्ल्याचा घाट ट्रक चढण्याजोगा झाला तेव्हापासून डिचोलीचा सगुण बेळगावहून भाजी भरून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला आणायचा. रस्ता असा की एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला तळ न दिसणारी दरी, आणि पार माथ्यावर, खिंडीत, राखणदाराचा दगड. घर सोडून घाट ओलांडणाऱ्या ड्रायव्हरने त्या दगडाखाली एक हिरवी डहाळी खोचायची, म्हणजे जीव देवाच्या हवाली केला. परतताना तीच काढून दरीत टाकायची, म्हणजे आपला आपण परत घेतला. दुसऱ्याच्या डहाळीला कोणी हात लावीत नसे.

एका धुक्याच्या सकाळी सगुण घरी आला, आंघोळ करून पाटावर बसला. सत्यवतीने नवऱ्यापुढे बांगड्याचं हुमण वाढलं. माशाशिवाय ज्याच्या घशाखाली घास उतरत नसे, त्याने ताट हळूच सरकवलं आणि भाकरी आहे का विचारलं. दमला असेल, असं तिने मनाला सांगितलं. मग तो घागर घेऊन पाण्याला निघाला, जे त्याने जन्मात केलं नव्हतं. शेजारची कमलाक्षी हसली, नशीब काढलंस गो, घोव सुधारला म्हणाली. सत्यवतीला हसू आलं नाही. सुधारलेला माणूस स्वतःच्याच घरात, विहीर कुठल्या बाजूला, असं विचारीत नाही.

चेहरा सगुणाचा, आवाज सगुणाचा. पण रात्री तो ओसरीवर निजे, परक्याच्या घरात निजावं तसा अंग चोरून. माणूस वाईट नव्हता, तेच तिला सोसवेना. तिने खोदून विचारलं तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "धुक्यात काही दिसत नव्हतं. दगडाखाली दोन डहाळ्या होत्या. हाताला आली ती काढली."

दुसऱ्या दिवशी ती बसने खिंडीत गेली. देवाला काय सांगायचं ते वाटभर जुळवीत होती. पण दगडापाशी आधीच एक बाई बसली होती, खानापूरकडची, तिच्याच वयाची. तीही ड्रायव्हरचीच बायको निघाली. 

त्या बाईने विचारलं, "तुमच्याकडे जेवतात का हो नीट?"

"भाकरी केली तर जेवतात."

"आमच्याकडचे मासे मागतात. मला करता येत नाहीत." तिने डोळ्यांना पदर लावला. "संध्याकाळी घाटाकडे तोंड करून बसतात. झोपेत सत्यू, सत्यू म्हणतात. तूच का ती?"

 सत्यवतीने मान हलवली.

दोन्हीकडच्या बसगाड्या खिंडीत जवळजवळ एकदमच आल्या. बायका उठल्या.  ती बाई डिचोलीच्या गाडीत चढली आणि सत्यवती खानापूरच्या.

कंडक्टर तिच्याकडे बघून, त्या बाईलाच हसावं तसं, ओळखीचं हसला. "काय वैनी, झालं देवाचं? सकाळीच तर सोडलं तुम्हाला."

सत्यवतीने पदर सारखा केला आणि म्हटलं, "झालं."