दुसऱ्या रिपोर्टाच्या आधी

भोकरच्या अंगद आणि अयोध्याची लेक दिवस भरायच्या बरीच आधी जन्मली होती. नांदेडच्या त्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेल्या, तळहातात मावेल एवढ्या जिवाची जबाबदारी दुपारी डॉक्टर पुनमवर आली. ती अजून शिकत होती.

लॅबचा फोन आला. "मॅडम, पोटॅशियम फारच वाढलंय. पण टाचेतून घेतलेलं रक्त आहे, पेशी फुटून आतलं पोटॅशियम मिसळलं असेल. परत पाठवा."

वरिष्ठ डॉक्टर संगमेश सिझेरियनचं बाळ घ्यायला ऑपरेशन थिएटरात गेले होते. पुनमने त्यांना फोनवर गाठलं.

"लघवी नीट होतेय ना? जास्तीचं पोटॅशियम तिच्यातून जातंच. मग आकडा खोटाच असणार. शिरेतून रक्त पाठव आणि रिपोर्टची वाट बघ. पोटॅशियम उतरवायला इन्सुलिनची घाई करू नको, साखर उतरेल."

तिने रक्त पाठवलं. मॉनिटरकडे वळली तर हृदयाच्या रेघेवर भाल्यासारखी टोकं उभी राहिलेली. वाढलेल्या पोटॅशियमची हीच खूण. पेशींच्या भिंतीत पंप असतात, ते सोडियम बाहेर टाकतात आणि पोटॅशियम आत ओढतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत त्यांना पुरता जोर आलेला नसतो. मग लघवी होत असली तरी पेशींतलं पोटॅशियम रक्तात झिरपत राहतं. म्हणजे आकडा खरा होता!

"सिद्धम्मा सिस्टर, कॅल्शियम काढा. रेघेची पट्टीही छापून घ्या."

अंगद दारातच उभा होता. "मॅडम, मघापासून पळापळ करून राहिलात. काय झालं पोरीला?"

"रक्तातला एक क्षार वाढलाय. हृदय बंद पडू शकतं. औषध देतेय, पण त्याने साखर उतरायची भीती आहे. मी जागची हलणार नाही."

अंगद पेटीकडे सरकला. "तिच्या आईनं अजून तोंड बी बघितलं न्हाई. आणू का तिला?"

"आणा. पण औषध द्यायला मी थांबत नाही."

हृदयाला सावरणारं कॅल्शियम हळूहळू शिरेत गेलं. टोकं जराशी बसली. पोटॅशियम पेशींत परत ढकलायला तिने ग्लुकोज आणि इन्सुलिन सुरू केलं, तोच संगमेश सर आले.

"रिपोर्ट आला?"

"नाही सर."

"मग कुणाच्या सांगण्यावरून?"

पुनमने छापलेली पट्टी पुढे धरली. सरांनी ती उजेडात नेऊन पाहिली, चष्मा काढला आणि स्टेथोस्कोप बाळाच्या छातीला लावला.

लॅबचा फोन सिद्धम्मांनी उचलला. दुसरा आकडा पहिल्याहून जास्त होता.

पुढे साखर खरंच उतरली. बाळ मलूल पडलं. पुनमने ग्लुकोज वाढवलं, पुन्हा मोजलं, पुन्हा वाढवलं. संध्याकाळ होता होता हृदयाची रेघ पुन्हा नेहमीसारखी चालू लागली.

चाकाच्या खुर्चीतून आणलेल्या अयोध्याने पेटीला कपाळ टेकवलं. "हात लावला तर चालंल का मॅडम?"

"लावा की, या झरोक्यातून."

पोरीने आईचं बोट धरलं, आणि पुनम एवढ्या वेळाने पहिल्यांदाच स्टुलावर बसली.