चिंधीच्या बदल्यात

फौजदारांच्या टेबलासमोर बाकावर तिघं बसली होती आणि तिघांच्याही जिवाला घोर लागला होता. मारोतराव, त्यांच्या शेजारी बायको पार्वताबाई आणि तिला खेटून सून वच्छला. साल त्र्याऐंशी. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांचा एकुलता एक चिंधू नदीकाठच्या कारध्याला जातो म्हणून निघाला तो परतलाच नाही. मग वैनगंगेच्या गाळात एक प्रेत सापडलं. चेहरा माशांनी ठेवला नव्हता, पण कमरेचा करदोडा बघताच पार्वताबाईनं हंबरडा फोडला होता. ती गाठ तिच्याच हातची होती.

"करदोडा तं जिल्ह्यातल्या सप्पाच माणसांच्या कमरेले राहते, बाई," असं म्हणून पोलिसांनी तिला गप्प केलं. प्रेत नदीकाठी पुरलं आणि कातडीचा एक तुकडा नागपूरला तपासायला पाठवला. रक्त सडून गेलं तरी कातडीतून गट कळतो म्हणे. नवराबायकोचंही रक्त काढून नेलं.

तेव्हापासून वच्छला बांगड्या पदराखाली झाकून फिरायची. शेजारणी त्यांच्याकडे बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. त्यापेक्षा चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

फौजदार म्हणाले, "मारोतराव, तुमचा गट ओ. बाईचा पण ओ. अशा जोडप्याचं लेकरू ओ गटाचंच निंगते. आन् ह्या कातडीचा गट आला ए. तो मुडदा तुमच्या पोराचा नाही."

वच्छला रडत रडत सासूच्या गळ्यात पडली. "मामीजी, जित्ते हायेत ते! मी म्हणतच होती!" मारोतरावांनी टोपी काढून डोळे पुसले.

पार्वताबाईला मात्र चिंधूचा जन्म आठवला.

तिची आधीची लेकरं पाळण्यातच गेली होती. म्हणून पुढच्या खेपेला रीत केली: जन्मलेलं मूल सुईणीच्या पदरात टाकायचं आणि लुगड्याची चिंधी देऊन तिच्याकडून विकत घ्यायचं, म्हणजे काळाची नजर चुकते. नाव चिंधू. असे चिंधू गावोगाव आहेत, त्यात नवल ते काय! गावाला एवढंच ठाऊक नव्हतं, की तिचं ते मूल रडलंच नाही. गोदावरीबाई सुईण ते पदराआड घेऊन गेली आणि परत आली ती टाहो फोडणारं दुसरंच लेकरू घेऊन. कुण्या कुंवार पोरीचं. "दूध पाज आन् तोंड शिवून ठेव," ती म्हणाली होती. पार्वताबाईनं चिंधी दिली आणि तोंड शिवलं. मारोतराव तेव्हा अंगणात बसले होते, त्यांना आतलं काहीच कळलं नाही. गोदावरीबाई मरून गेली, पण ते अजूनही अंगणातच होते म्हणायचे.

आताही गप्प बसलं की झालं. सुनेच्या बांगड्या राहतील, नवऱ्याचा पोरगा जिवंत राहील. आणि तिचा चिंधू बेवारस म्हणून वाळूत पडून राहील, आणि ही पोरगी जन्मभर दाराकडे बघत बसेल.

"चाला," मारोतराव उठले. "नागपूर म्हणू नका, गोंदिया म्हणू नका, धुंडून काढतो त्याले."

पार्वताबाई उठली नाही. "कायले धुंडता? तोच होता तो."

"काहून असं बोलून राहिली? साहेब काय म्हनते, आयकलं नाही?"

"आयकलं. म्हनूनच सांगून राहिली. नुसती रीत नोहती ती. खरोखर चिंधी देऊन घेतला होता म्या त्याले. माहं लेकरू मेलेलंच जन्मलं होतं."

वच्छलाचे हात तिच्या गळ्यातून सुटले. मारोतरावांकडे बघायची पार्वताबाईची छाती होईना. नवऱ्याचा पोरगा तिनं एका दमात दोनदा हिरावून घेतला होता.

मग मारोतरावांनी टोपी डोक्यावर घातली.

"साहेब, कुठं पुरला ते दाखवा. आग मी देतो."

फौजदार अडखळले. "पण मारोतराव, आता रक्ताच्या हिशोबानं तुमी त्याचे..."

"बाप हाव मी त्याचा!" मारोतराव ओरडले, आणि त्यांचा आवाज फाटला.

वच्छलानं पदर बाजूला केला आणि मनगटातली पहिली बांगडी ओढली. पार्वताबाईनं तिचा हात घट्ट धरला. "इथं नको, माय. आधी त्याले घरी आणू."

दारात पोचलेले मारोतराव थांबले. मागे न बघताच बायकोला म्हणाले, "ऊठ. गाठ तुह्या हातची हाय, तूच ओळखशील."