शेवटच्या अंकाचं चौथं पान

गावच्या संग्रहालयात एकूण दोनशे अकरा वस्तू होत्या आणि त्यांतल्या एकोणीस इस्त्र्या होत्या. कारण साधं होतं. घरातलं म्हातारं माणूस गेलं की माळा आवरला जाई, माळ्यावर कोळशाची इस्त्री सापडे, ती टाकवत नसे आणि ठेववतही नसे. मग ती संग्रहालयाला अर्पण होई. शिवाय एक किल्ली नसलेलं कुलूप होतं आणि एक कुलूप नसलेली किल्ली होती. ती दोन्ही एकमेकांची नाहीत, याची प्रत्येक पाहुणा स्वतः करून पाहून खात्री करून घेई.

जुन्या तारघराच्या अडीच खोल्यांतला हा संसार भूगोलाच्या बाई सांभाळत. बाई निवृत्त झाल्या तेव्हा शाळेची पितळी घंटा त्यांच्याबरोबर आली. शाळेच्या मते बाईंनी ती नेली, बाईंच्या मते त्यांनी ती वाचवली. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी ही घंटा वाजे आणि काहीतरी कार्यक्रम होई. मागच्या महिन्यात ‘आमच्या वेळचे डबे’ हे प्रदर्शन झालं. अकरा माणसं आली. त्यांतली तीन आपला डबा परत न्यायला आली होती.

या महिन्याचा बेत मात्र मोठा होता. गावचं साप्ताहिक जिथे छापलं जाई तो छापखाना बंद पडून अडतीस वर्षं झाली होती. मालकांच्या मुलीने आता गोदाम रिकामं केलं आणि पायाने चालवायचं छपाईचं मशीन, अक्षरांच्या खिळ्यांचे लाकडी खण, शिशाची धूळ, सगळं उचलून संग्रहालयाला दिलं. रविवारी हे मशीन सगळ्यांसमोर चालणार होतं. आणि ते चालवू शकेल असा माणूस गावात एकच उरला होता.

खिळेकाका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. एकेक अक्षराचा खिळा उचलून त्यांनी पंचवीस वर्षं साप्ताहिक जुळवलं होतं. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, त्यामुळे उलटं वाचायची त्यांना इतकी सवय झाली होती, की सरळ छापलेलं वर्तमानपत्र वाचताना आजही त्यांना ते थोडं खोटं वाटे. ‘खिळेकाका’ हे नावही मालकांच्या मुलीनेच ठेवलेलं. शाळा सुटली की ती खणांखाली बसून पडलेले खिळे वेचायची, आणि काका तिला तिचं नाव जुळवून द्यायचे.

गुरुवारी काका रॉकेलची बाटली आणि फडकं घेऊन संग्रहालयात गेले. मशीन बघून त्यांना भरून आलं, पण ते तसं दाखवणार थोडेच! त्यांनी मशीनच्या पायपट्टीला हलकीशी लाथ घातली आणि म्हणाले, “अजून कुरकुरतेय. सवय गेली नाही.”

“काका, खरी गंमत पुढेच आहे,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी टेबलावरचं एक जड पुडकं दाखवलं. तपकिरी कागद, वर सुतळी, आणि सुतळीत अडकवलेली एक चिठ्ठी. अक्षर मालकांचं होतं. ‘सोडवू नये. ठेवावे.’

“हे काय?”

“शेवटच्या अंकाचं चौथं पान. जुळवलेलं, चौकटीत आवळलेलं, पण कधीच न छापलेलं. मालकांनी वाचकांचा निरोप घेतला होता म्हणे त्यात. मुलीला अजून आठवतं, सकाळी जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी चार ओळी लिहिल्या होत्या. रविवारी ती स्वतः पहिली प्रत काढणार. वडिलांचे शेवटचे शब्द! मी तर पन्नास माणसांना सांगून ठेवलंय.” बाई थांबल्या. “काका, बसा बरं. पाणी देऊ का?”

काका बसले.

त्या पानात मालकांच्या चार ओळी नव्हत्या, हे जगात फक्त काकांना आणि त्यांच्या बायकोला ठाऊक होतं.

अडतीस वर्षांपूर्वी त्या सकाळी काका कामावर आले तेव्हा दारावर एक कागद चिकटवलेला होता: छापखाना आजपासून बंद. मालक आत केबिनमध्ये, दार लावून. टेबलावर त्या चार ओळी, जुळवायला ठेवलेल्या. पंचवीस वर्षं एकत्र काम केलेल्या माणसाला तोंडाने दोन शब्द सांगायला काय झालं होतं? काकांनी त्या चार ओळी चुरगाळून टोपलीत टाकल्या आणि पानाच्या मधल्या चौकटीत मनाच्या बारा ओळी जुळवल्या. पान आवळलं, छपाईला जाणारी पानं ठेवायच्या दगडी टेबलावर ठेवलं आणि मशीनवाल्याने ते न वाचता छापावं अशी इच्छा करून निघून आले. पण मशीन त्या दिवशी सुरूच झालं नाही. खिळे केव्हाच सोडवून खणांत परत गेले असतील, असं काका अडतीस वर्षं धरून चालले होते.

पुढे मालक रस्त्यात दिसले की काका पलीकडच्या बाजूला जात. मालक हात वर करत. काका दुकानांच्या पाट्या वाचत. दोन वर्षांनी मालक गेले. त्यानंतर त्या पाट्या वाचायचंही काही कारण उरलं नाही.

“आता?” घरी आल्यावर बायकोने विचारलं. ती भाजी निवडत होती आणि निवडतच राहिली.

“आता काय, पोरीसमोर तिच्या बापाला भित्रा, ओ का ठो न कळणारा आणि भिंतीवरच्या पालीपेक्षाही मऊ म्हटलेलं छापून येणार. पन्नास प्रती. प्रत्येकाला एक.”

“पालीचं मला सांगितलं नव्हतंत.”

“जागा उरली होती चौकटीत.”

“मग जाऊन सांगा पोरीला. सरळ तोंडावर.”

“कसं सांगू? तिने काय काय मनात धरलंय…”

“अहो, मालकांना तोंडावर सांगता आलं नाही म्हणूनच तुम्ही बारा ओळी लिहिल्यात ना?” बायको म्हणाली. “तुम्ही निदान दारावर कागद तरी चिकटवा.”

काकांनी रॉकेलचं फडकं धुवायला घेतलं. 

शनिवारी दुपारी बाई पाहुण्यांसाठी खुर्च्या मागायला शाळेत गेल्या (शाळेने घंटेची आठवण काढलीच), तेव्हा काका संग्रहालयात एकटे होते. त्यांचा बेत ठरला होता. पान उघडायचं, चौकटीच्या पाचरी सैल करायच्या आणि ते उचलताना हातातून सुटू द्यायचं. हजारभर खिळे फरशीवर सांडले की पुन्हा कोण जुळवतो? म्हाताऱ्याचा हात कापला, लोक म्हणतील. उभ्या आयुष्यात काकांच्या हातून एकही पान सुटलं नव्हतं. जुळवलेलं पान पाडणारा माणूस त्यांच्या धंद्यात तोंड दाखवायच्या लायकीचा नसे. पण आता धंदाच राहिला नव्हता, तर तोंड कोणाला दाखवायचं?

त्यांनी सुतळी सोडली. कागद बाजूला केला. शिसं जुनं होऊन काळं पडलं होतं. रॉकेलच्या फडक्याने पुसायची काही गरज नव्हती, पण घाणेरडं पान पाडायचं म्हणजेही त्यांना बरं वाटेना. म्हणून आधी पुसलं. कडेला शिंप्याची जाहिरात निघाली, मग सायकलवाल्याची, मग हरवलेल्या छत्रीचं निवेदन. आणि मधे त्यांची चौकट. उजवीकडून डावीकडे काका वाचत गेले.

‘या छापखान्याचा मालक भित्रा आहे.’ बरोबर. ‘पंचवीस वर्षांत त्याने एक खिळा सरळ बसवलेला नाही.’ बरोबर. एक, दोन, पाच, नऊ… बारावी ओळ पाल. त्यांनी स्वतःच्याही नकळत मान डोलावली. जुळणी झकास होती.

आणि खाली तेरावी ओळ.

काकांनी चष्मा पुसला. तेरावी ओळ त्यांची नव्हती. ती वाकडी होती, तिच्या शेवटच्या शब्दाचे खिळे वेगवेगळ्या मापांचे होते आणि ती बसावी म्हणून कुणीतरी हरवलेल्या छत्रीची शेवटची ओळ काढून टाकली होती, त्यामुळे छत्री सापडल्यास कुठे आणून द्यावी हे आता कधीच कळणार नव्हतं.

साप्ताहिकाचे संपादकही मालकच होते. त्यात वाचकांची पत्रं येत, आणि प्रत्येक पत्राखाली एक ओळ छापली जाई: ‘वरील मताशी संपादक सहमत असतीलच असे नाही.’ दर आठवड्याला लागते म्हणून ती कायम जुळवलेलीच ठेवलेली असे. ती ओळ कुणीतरी उचलून आणली होती, शेपूट काढलं होतं आणि त्या जागी एक शब्द घातला होता.

‘वरील मताशी संपादक सहमत आहेत.’

‘आहेत’मधला ‘त’ डोक्यावर उभा होता.

काका बराच वेळ त्या ‘त’कडे बघत राहिले. शाईने बरबटलेली बोटं, तोंडातल्या तोंडात पुटपुटणं, खिळा पुन्हा उलटाच बसणं, हे सगळं त्यांना स्वच्छ दिसलं. रस्त्यात हात वर करणारा माणूसही दिसला. त्या हाताला काय सांगायचं होतं हे विचारायला आपण एकदा तरी रस्ता ओलांडायला हवा होता.

मग त्यांनी पाचरी आवळल्या. सैल नव्हे, घट्ट.

रविवारी घंटा वाजली. पन्नास म्हटलेली माणसं साठ आली. खुर्च्या कमी पडल्या आणि दोघे जण इस्त्र्यांच्या टेबलावर टेकले. मालकांची मुलगी पुढे उभी होती. तिचे केस आता पांढरे होत आले होते. पण तिने आधी वाकून खणांखाली बघितलं, तेव्हा काकांना ती आठ वर्षांचीच वाटली.

“खिळेकाका, काढू ना पहिली प्रत?” ती हसत म्हणाली.

“थांब जरा,” काका म्हणाले. “आधी मला काहीतरी सांगायचंय. तोंडावर.”

बाईंनी घड्याळ बघितलं. कार्यक्रमपत्रिकेत हे नव्हतं.

“तू छापणार आहेस त्यात तुझ्या बाबांच्या चार ओळी नाहीत. त्या मी फेकल्या. बारा ओळी माझ्या आहेत. रागाच्या भरात लिहिल्या. वाईट आहेत. जुळणी चांगली आहे, पण वाईट आहेत. तुला छापायचं नसेल तर मी आत्ता खिळे सोडवतो. फक्त तेरावी ओळ…” त्यांचा आवाज मशीनसारखा कुरकुरला. “तेरावी तुझी तू वाच.”

ती काकांकडे बघत राहिली, मग मशीनकडे वळली. पायपट्टीवर पाय ठेवला, कागद लावला. मशीन खडखडलं, मिटलं, उघडलं. तिने ओली प्रत हातात घेऊन वाचायला सुरुवात केली, मोठ्याने, कारण तिने लोकांना तसं कबूल केलं होतं. भित्रा. ओ का ठो. पहिल्या रांगेतले शिंप्याचे चिरंजीव खाली बघू लागले. पालीपाशी तिचा आवाज थांबला.

मग तिने तेरावी ओळ वाचली. मनात.

पुन्हा वाचली. नंतर ती इतक्या जोरात हसली की टेबलावरच्या इस्त्र्या किणकिणल्या, आणि हसता हसताच डोळ्यांना पदर लावायला लागला.

“हा ‘त’,” ती म्हणाली. “काका, हा बाबांचा ‘त’ आहे. ते मला माझं नाव जुळवून द्यायचे ना, त्यात एक तरी अक्षर उताणं पडलेलंच असायचं. म्हणून तर मी तुमच्याकडे यायचे.”

“रागावली नाहीस?”

“बारा ओळी रागावलेय,” ती म्हणाली. “एका ओळीने सहमत आहे. आई म्हणायची, हा माणूस भांडतसुद्धा नाही हो, नुसती मान डोलावतो. काय करायचं अशा माणसाचं!” तिने प्रत छातीशी धरली आणि शाई पदराला लागली. “हे एवढंच बोलले असते बघा ते. चार ओळी काय, त्या लिहायच्या म्हणून लिहिल्या असतील.”

मग रांग लागली. प्रत्येकाला प्रत हवी होती. शिंप्याचे चिरंजीव वडिलांची जाहिरात बघून गहिवरले, आणि मागच्या खुर्चीवरच्या एका आजोबांनी, ही छत्री आपलीच होती आणि ती अजूनही आपल्याला हवी आहे, असं बाईंना बजावलं. छत्री कुठे आणून द्यावी ते बाईंनी लिहून घेतलं.

चाळीसेक प्रती झाल्यावर बाई काकांच्या कानाशी आल्या. “काका, प्रदर्शनात कायमची लावायची प्रत आता काढू या. तेवढा तो ‘त’ सरळ करता का? पाहुण्यांना चूक वाटेल.”

काकांचा हात सवयीने खिशातल्या चिमट्याकडे गेला. पंचवीस वर्षांत या माणसाचा एकही उलटा खिळा त्यांनी छापखान्याबाहेर जाऊ दिला नव्हता. चिमटा बाहेर आला, ‘त’च्या वर टेकला आणि तिथेच थांबला.

“राहू द्या,” ते म्हणाले. “मालकांचं काम आहे.”

आणि त्यांनी पायपट्टीवर पाय ठेवला.